सबवूफर नसताना टॉवर स्पीकरचा बेस कसा जोखावा?

टॉवर स्पीकरच्या, म्हणजे जमिनीवर उभ्या राहणाऱ्या उंच स्पीकरच्या, माहितीपत्रकात ‘३५ हर्ट्झ ते २५ किलोहर्ट्झ’ अशा धाटणीची एक ओळ असते, आणि सबवूफर न जोडता केवळ दोन टॉवरवर संगीत ऐकू इच्छिणाऱ्याची नजर पहिल्यांदा तिच्याकडेच जाते. एका स्पीकरवर ३५ लिहिलेले आहे, दुसऱ्यावर ४२, तेव्हा पहिल्याचा बेस अधिक खोल, असे आपण मनाशी ठरवून टाकतो. हा निष्कर्ष चुकीचाच असेल असे नाही, परंतु त्या आकड्यात माहिती निम्मीच असते. ३५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ३५ कंपनांचा, स्वर तो स्पीकर किती मोठ्याने वाजवू शकतो आणि तेवढ्या मोठ्याने वाजवताना तो स्वर कितपत स्वच्छ राहतो, हे जोवर कळत नाही तोवर दोन स्पीकरची तुलना झाली असे म्हणता येत नाही. सबवूफर असेल तर खालच्या स्वरांचा भार तो उचलतो आणि टॉवरची उणीव झाकली जाते. तो नसेल तर सगळा भार टॉवरवरच येतो, म्हणून हा प्रश्न नीट समजून घ्यायला हवा.

आधी हे आकडे प्रत्यक्ष वाद्यांत कुठे येतात ते पाहू. माणसाचा कान साधारण २० हर्ट्झपासून वरचा आवाज ऐकतो. चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झला बोलते, पाच तारांच्या गिटारची ३१ हर्ट्झला. पियानोची सर्वांत खालची पट्टी २७.५ हर्ट्झची असते, तर मोठ्या पाइप ऑर्गनचा ३२ फुटी नळा १६ हर्ट्झपर्यंत उतरतो. ड्रमसेटमधल्या किक ड्रमचा दणका मात्र बहुतांशी ५० ते ८० हर्ट्झच्या दरम्यान असतो. यावरून दिसते की ४० हर्ट्झपर्यंत भक्कमपणे पोहोचणारा स्पीकर बहुतेक संगीताला पुरा पडतो. त्यातही पियानोच्या अगदी खालच्या पट्ट्यांमध्ये मूळ स्वर क्षीण आणि त्याच्या पटीतले वरचे स्वर जोरकस असतात, आणि कान त्या वरच्या स्वरांवरून मूळ स्वर आपोआप ओळखतो. त्यामुळे लहान स्पीकरवरही चाल हरवत नाही. हरवते ते तिचे वजन.

हे वजन निर्माण होते हवा हलवल्याने. वूफरचा, म्हणजे स्पीकरमधल्या खालचे स्वर वाजवणाऱ्या घटकाचा, पडदा पुढेमागे होतो तेव्हा तो काही घनसेंटिमीटर हवा ढकलतो, आणि तेवढाच मोठा आवाज अर्ध्या वारंवारतेला, म्हणजे एक सप्तक खाली हवा असेल तर त्याच पडद्याला चौपट अंतर हलावे लागते. दोन सप्तके खाली जायचे तर सोळापट. बेसचे सगळे अवघडपण या एका नियमात आहे.

उदाहरण म्हणून ६.५ इंची दोन वूफर असलेला एक सर्वसाधारण टॉवर घेऊ. अशा एका वूफरच्या पडद्याचे उपयोगी क्षेत्रफळ सुमारे १३५ चौरस सेंटिमीटर असते, म्हणजे दोघांचे मिळून २७०. पडदा आपल्या मधल्या जागेपासून ५ मिलिमीटर पुढे आणि ५ मिलिमीटर मागे सुखाने हलू शकतो असे धरू. पोर्टची, म्हणजे पेटीला असलेल्या उघड्या नळीची, मदत आणि खोलीचा परिणाम तूर्त बाजूला ठेवून, जमिनीवर उभ्या असलेल्या या स्पीकरची एक मीटर अंतरावरची कमाल मर्यादा मोजली, तर ८० हर्ट्झला ती सुमारे १०७ डेसिबल (आवाजाच्या पातळीचे एकक) येते. ४० हर्ट्झला ती ९५ वर येते, ३० हर्ट्झला ९० वर आणि २० हर्ट्झला अवघ्या ८३ वर. ॲम्प्लिफायर कितीही मोठा लावला तरी हे आकडे वाढत नाहीत, कारण इथे वीज नव्हे तर पडद्याची धाव संपलेली असते. त्याच धावेचे ८ इंची दोन वूफर घेतले तर प्रत्येक आकड्यात सुमारे ४ डेसिबलची भर पडते. म्हणून माहितीपत्रक हाती आले की मी खालच्या हर्ट्झच्या आकड्याआधी वूफर किती आणि केवढे आहेत ते पाहतो. कंपनीने पडद्याची धावही दिली असेल तर तुलनेचे अर्धे काम तिथेच होते.

या हिशेबाला कानाचा स्वभाव जोडून पाहिला की चित्र आणखी स्पष्ट होते. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की सारख्याच डेसिबलचे वेगवेगळे स्वर कानाला सारखे मोठे वाटत नाहीत. आज हेच वक्र ‘आयएसओ २२६’ या मानकात आहेत. त्यानुसार १००० हर्ट्झचा स्वर जवळजवळ शून्य डेसिबललाही ऐकू येऊ लागतो, ४० हर्ट्झच्या स्वराला त्यासाठी सुमारे ५० डेसिबल लागतात आणि २० हर्ट्झच्या स्वराला ७८ च्या आसपास. आता वरच्या उदाहरणातला २० हर्ट्झचा ८३ हा आकडा पुन्हा पाहावा. पडदा पूर्ण धाव घेत असताना, एक मीटरवर, ऐकू येण्याच्या उंबरठ्यापेक्षा जेमतेम ५ डेसिबल वर! अशा स्पीकरने २० हर्ट्झ ‘वाजवले’ तरी ते ऐकणाऱ्याच्या पदरात काही पडत नाही. याच वक्रांमुळे आवाज कमी केला की बेस आधी नाहीसा होतो. म्हणून रात्री हळू आवाजात ऐकणाऱ्याची आणि मोठ्याने ऐकणाऱ्याची स्पीकरची निवड एकच असेल असे नाही.

माहितीपत्रकातल्या आकड्याला शेपूट असते, आणि ते शेपूट वाचलेच पाहिजे. ‘४० हर्ट्झ, उणे ३ डेसिबल’ याचा अर्थ ४० हर्ट्झला आवाज मधल्या स्वरांच्या पातळीपेक्षा ३ डेसिबलने खाली आहे. दुसरी कंपनी उणे ६ चा बिंदू देते, तिसरी उणे १० चा, आणि काही जण तर कोणतीच अट न लिहिता नुसती वारंवारता छापतात. एकच स्पीकर उणे ३ ला ४५ आणि उणे १० ला ३२ हर्ट्झ असा दोन्ही प्रकारे, पूर्ण सत्य राखून वर्णिता येतो. शिवाय हे मोजमाप प्रतिध्वनिरहित दालनातले की सामान्य खोलीतले, हेही पाहावे लागते, कारण खोलीतला आकडा नेहमीच अधिक देखणा असतो. अट न लिहिलेला आकडा तुलनेत धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग सगळेच उत्पादक लहान पेटीतून खोल आणि दणदणीत बेस का काढत नाहीत? कारण निसर्ग तशी मुभा देत नाही. जे. अँटन हॉफमन या अमेरिकी अभियंत्याने हे बंधन १९६० च्या दशकात नेमके मांडले. ‘केएलएच’ या स्पीकर कंपनीच्या नावातला ‘एच’ तो यांचाच. लहान पेटी, खालपर्यंतची पोहोच आणि कमी विजेत मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच एका वेळी मिळतात. कार्यक्षमता तीच ठेवून एक सप्तक खाली जायचे तर पेटी आठपट मोठी करावी लागते. पेटी तेवढीच ठेवली तर कार्यक्षमता आठव्या हिश्शावर, म्हणजे ९ डेसिबलने खाली येते. पुढे ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी वूफर आणि पेटी यांचे संपूर्ण गणित बसवले. आजही प्रत्येक वूफरसोबत ‘थील-स्मॉल’ आकडे दिले जातात ते त्यामुळेच. ग्राहकाने यातून एवढे घ्यावे की सडपातळ टॉवरवर ९२ डेसिबल सेन्सिटिव्हिटी (ठरावीक विजेत मिळणारा आवाज) आणि ३० हर्ट्झची पोहोच असे दोन्ही दावे शेजारी शेजारी दिसले, तर त्यांतला एक तरी तपासून घ्यावा.

पेटीचे मुख्य प्रकार दोन. सीलबंद पेटीत हवा कोंडलेली असते आणि ती पडद्याला स्प्रिंगसारखी मागे खेचते. अशा स्पीकरचा आवाज मर्यादेखाली दर सप्तकाला १२ डेसिबलने उतरतो. पोर्ट असलेल्या पेटीत नळीतली हवा एका ठरावीक वारंवारतेला स्वतःच डोलू लागते आणि वूफरचे काम वाटून घेते, पण त्या वारंवारतेखाली आवाज दर सप्तकाला २४ डेसिबलने कोसळतो. याचा परिणाम एका हिशेबात दिसतो. पाठ्यपुस्तकी आदर्श घडणीचा एक सीलबंद स्पीकर ५० हर्ट्झला उणे ३ डेसिबलवर आहे आणि तशाच आदर्श घडणीचा पोर्टचा स्पीकर ४० हर्ट्झला उणे ३ वर आहे, असे समजू. ४० हर्ट्झला पोर्टवाला दोन-अडीच डेसिबलने पुढे असतो. ३० हर्ट्झला दोघे जवळजवळ बरोबरीत येतात, एक उणे साडेनऊच्या आसपास आणि दुसरा उणे साडेदहाच्या. २५ हर्ट्झला पोहोचेपर्यंत मात्र कागदावर ‘५० हर्ट्झ’ असलेला सीलबंद स्पीकर ४ डेसिबलने पुढे गेलेला असतो. यावरून सीलबंद पेटी श्रेष्ठ ठरते असे मुळीच नाही. तिच्या पडद्याला सगळे श्रम एकट्याने करावे लागतात आणि मोठ्या आवाजात ती लवकर दमते. बाजारातले बहुतेक टॉवर पोर्टचे आहेत ते याच कारणाने. मात्र एका आकड्यावरून उतरणीचा कल कळत नाही, आणि पूर्ण आलेख पाहण्याचा आग्रह धरावा तो त्यासाठी.

पोर्टची वारंवारता माहितीपत्रकात सहसा नसते, पण ती डोळ्यांनी पाहता येते. फोनवरच्या एखाद्या टोन जनरेटरमधून शुद्ध साइन टोन हळू आवाजात लावावा, वूफरची जाळी काढून ठेवावी आणि ७० हर्ट्झपासून एकेक हर्ट्झ खाली यावे. सुरुवातीला पडद्याची थरथर वाढत जाते, मग एका टप्प्यावर ती कमी होऊ लागते आणि एका वारंवारतेला पडदा जवळपास स्तब्ध होतो. त्याच क्षणी पोर्टच्या तोंडाशी हात धरला तर तिथून हवेचे झोत येत असतात. आवाज आता पडदा नव्हे, पोर्ट देत असतो. हीच त्या पेटीची बांधलेली वारंवारता. आणखी चार-पाच हर्ट्झ खाली गेले की पडदा एकदम मोठमोठ्या हेलकाव्यांनी हलू लागतो, कारण पोर्टने त्याला धरून ठेवणे सोडलेले असते. हा प्रयोग आवाज वाढवून कधीही करू नये, कारण या पट्ट्यात वूफरला इजा होऊ शकते. ज्या परीक्षणांत इम्पीडन्सचा (स्पीकर विजेला करतो त्या विरोधाचा) आलेख दिलेला असतो तिथे तर एवढीही खटपट नको: आलेखाच्या डाव्या टोकाला दोन उंचवटे दिसतात आणि त्यांमधल्या दरीचा तळ जिथे असतो, तीच पोर्टची वारंवारता.

याच जागेवरून इक्वलायझरबद्दलचा, म्हणजे वेगवेगळ्या पट्ट्यांतला आवाज कमीजास्त करणाऱ्या साधनाबद्दलचा, इशाराही समजतो. पोर्टच्या वारंवारतेखाली बेस वाढवणे म्हणजे पडद्याला मोकाट सोडणे. त्याच्या वरच्या पट्ट्यातही १० डेसिबल वाढवायचे तर दहापट वीज लागते, हे विसरू नये.

तुलनेत सर्वाधिक फसगत होते ती ८० ते १२० हर्ट्झच्या पट्ट्यात. काही स्पीकर तिथे मुद्दाम ३–४ डेसिबलचा फुगवटा ठेवतात. थोडा वेळ ऐकताना तो भरदार, उबदार वाटतो आणि शेजारचा सपाट स्पीकर त्यापुढे कोरडा भासतो. पण तासाभराने हाच फुगवटा पुरुषी आवाजाला घोगरेपणा आणतो आणि बेस गिटारच्या सगळ्या स्वरांना एकसारखा ठोका देतो. खोल बेस आणि पुष्कळ बेस यांत फरक आहे. तो ओळखायचा तर बेस गिटार सावकाश एकेक स्वर खाली उतरत जाते असा तुकडा ऐकावा. चांगल्या स्पीकरवर उतरणारा प्रत्येक स्वर वेगळा आणि जवळपास सारख्या जोराचा ऐकू येतो. फुगवट्याच्या स्पीकरवर मधले दोन-तीन स्वर उसळतात आणि त्यापुढचे एकाएकी विरून जातात.

विकृतीचेही असेच आहे. धाव संपत आलेला वूफर ४० हर्ट्झचा स्वर वाजवताना ८० आणि १२० हर्ट्झचे स्वर स्वतःहून मिसळतो, आणि कान त्या वरच्या स्वरांना अधिक संवेदनशील असल्यामुळे श्रोत्याला बेस वाढल्याचाच भास होतो. म्हणून एकाच आवाजात केलेली तुलना पुरेशी नसते. तोच तुकडा आधी बोलण्याच्या आवाजाइतका, मग नेहमीचा आणि शेवटी आपण कधीमधी लावतो तेवढा मोठा लावून ऐकावा. मोठ्या आवाजात बेस तसाच वाढतो, की वरचे स्वर पुढे जाऊन बेस मागे रेंगाळतो, पोर्टमधून फसफस येते की काय, याकडे लक्ष द्यावे. स्पीकरची खरी पात्रता इथे उघड होते, आणि माहितीपत्रकात तिचा मागमूसही नसतो. ‘वेगवान’ आणि ‘संथ’ बेस अशी जी चर्चा चालते, तिच्या मुळाशीही वूफरच्या वजनापेक्षा बहुधा हा फुगवटा, ही विकृती आणि खोलीतले घुमणे असते, असे मला वाटते.

आता खोली. पाच मीटर लांबीच्या खोलीत ३४ हर्ट्झच्या आसपास आणि चार मीटर रुंदीला ४३ हर्ट्झच्या आसपास अनुनाद निर्माण होतात. त्या स्वरांना भिंतीजवळ बसलेल्याला बेस प्रचंड वाटतो आणि खोलीच्या मधोमध बसलेल्याला तो जवळजवळ नाहीसा होतो. स्पीकरचा वूफर मागच्या भिंतीपासून एक मीटरवर असेल तर भिंतीवरून परतलेली लाट ८६ हर्ट्झच्या आसपास मूळ लाटेला छेद देते आणि किक ड्रमचा जोरच हरवतो. अंतर निम्मे केले की तो खड्डा १७० हर्ट्झकडे सरकतो. एकाच स्पीकरच्या बेसमध्ये जागेनुसार १० डेसिबलपेक्षा अधिक फरक पडू शकतो, आणि दोन चांगल्या टॉवरमधला मूळ फरक बहुधा याहून कमी असतो. म्हणून एक जोडी एका दालनात आणि दुसरी जोडी दुसऱ्या दालनात ऐकून बेसबद्दल मत बनवणे व्यर्थ आहे. तुलना करायची तर दोन्ही जोड्या त्याच खोलीत, जमिनीवर चिकटपट्टीने खुणा करून नेमक्या त्याच जागी, आणि श्रोता त्याच खुर्चीत, अशीच व्हायला हवी. त्यानंतर प्रत्येक जोडीला तिच्या सर्वोत्तम जागेची संधी वेगळी द्यावी, कारण एका टॉवरचे वूफर जमिनीलगत असतात आणि दुसऱ्याचे कमरेच्या उंचीवर, आणि दोघांना एकच जागा मानवेल असे नसते.

पोर्ट मागे असलेला स्पीकर भिंतीजवळ चालत नाही, ही समजूत फार पसरली आहे. ४० हर्ट्झची तरंगलांबी साडेआठ मीटर असते. एवढ्या लांब लाटेला पोर्ट पुढे की मागे याने विशेष फरक पडत नाही. नळीच्या तोंडासमोर हवेला ये-जा करण्याइतकी मोकळी जागा असली की पुरते. भिंतीजवळ बेस वाढतो तो भिंतीमुळे, आणि पुढच्या बाजूला पोर्ट असलेल्या स्पीकरचाही तो तसाच वाढतो.

ऐकून तुलना करताना आवाजाची पातळी जुळवणे अनिवार्य आहे. एका डेसिबलनेही मोठा असलेला स्पीकर ‘चांगला’ वाटतो, आणि बेसच्या बाबतीत हा परिणाम अधिकच जाणवतो. पातळी जुळवताना मात्र बेसचा भाग टाळावा. ५०० ते २००० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातला पिंक नॉइज (चाचणीसाठीचा सळसळता आवाज) लावून, ध्वनिमापक खुर्चीच्या जागी ठेवून दोन्ही जोड्या अर्ध्या डेसिबलच्या आत आणाव्यात. असे केले की बेसमधला फरक हा खरोखर बेसमधलाच फरक उरतो. शक्य असेल तर कोणती जोडी वाजते आहे हे ऐकणाऱ्याला कळू देऊ नये. भल्या मोठ्या पेटीकडे पाहताना कानही मोठाच बेस ऐकतात.

ज्यांना आकडे हवेत त्यांच्यासाठी ध्वनि-अभियंता डॉन कील यांनी १९७४ मध्ये मांडलेली पद्धत अजून उत्तम आहे. मायक्रोफोन वूफरच्या पडद्यापासून एक-दोन सेंटिमीटरवर धरला तर खोलीचा परिणाम नगण्य होतो आणि स्पीकरचा स्वतःचा बेस हाती लागतो. पोर्टच्या तोंडाशी असेच वेगळे मोजमाप घेऊन, दोघांच्या आकाराच्या प्रमाणात ते एकत्र करावे लागते. मोजमापासाठीचा साधा यूएसबी मायक्रोफोन आणि ‘रूम ईक्यू विझार्ड’ हे मोफत सॉफ्टवेअर एवढ्यावर हे घरी जमते. प्रतिध्वनिरहित दालनांनाही या पट्ट्यात मर्यादा असतात: ४० हर्ट्झची लाट पुरती शोषायला भिंतींवरची शोषक पाचरे दोन मीटरहून लांब लागतात, आणि तशी दालने मोजकीच आहेत.

बेसला एवढे महत्त्व देणे योग्य आहे का, अशी शंका कुणी घेईल. ध्वनिसंशोधक शॉन ऑलिव्ह यांनी २००४ मध्ये ७० स्पीकरच्या मोजमापांवरून श्रोत्यांच्या पसंतीचे जे गणित मांडले, त्यात बेसचा वाटा सुमारे ३० टक्के निघाला. तेव्हा ही शंका निराधार ठरते.

ॲम्प्लिफायरविषयी थोडेच सांगायचे आहे. दोन किंवा तीन वूफर समांतर जोडलेल्या टॉवरचा इम्पीडन्स ८० ते १२० हर्ट्झच्या पट्ट्यात ३–४ ओमपर्यंत उतरू शकतो. ४ ओमचा भार पेलण्याची हमी असलेलाच ॲम्प्लिफायर अशा स्पीकरला जोडावा, नाहीतर दोष स्पीकरच्या बेसला लागतो. चित्रपटांसाठी रिसीव्हर वापरणाऱ्यांनी मात्र एक सेटिंग आवर्जून तपासावे. ‘सबवूफर’ या पर्यायापुढे ‘नाही’ आणि पुढच्या स्पीकरपुढे ‘लार्ज’ असे निवडले, तरच चित्रपटातल्या स्फोट-गडगडाटाची स्वतंत्र वाहिनी टॉवरकडे वळवली जाते. ‘सबवूफर’ चुकून चालू राहिला तर ती वाहिनी न जोडलेल्या तारेकडे जाते, आणि ती वळवल्यानंतर पहिला मोठा प्रसंग आवाज नेहमीपेक्षा कमी ठेवूनच पाहावा, कारण त्या वाहिनीत ३० हर्ट्झखालचे असे स्वर असतात जे बहुतेक टॉवरच्या पोर्टच्या वारंवारतेच्या खाली पडतात.